समर्पित म्हणजे परत

संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. मी माझ्या नियतक्षेत्राच्या, म्हणजे मला राखायला दिलेल्या डोंगराच्या, वरच्या टोकाला, मांड्यांपर्यंत आलेल्या कुसळी गवतात उभी होते. त्या बाजूला मोबाइलला रेंज मिळते ती तेवढीच जागा, त्यामुळे फोन नेमका तिथंच वाजला. कार्यालयातून होता. एकदा गवत वाळलं की कार्यालयातून आलेल्या फोनला वनरक्षकाच्या छातीत धस्स होतं, कारण त्या दिवसांत फोन एकाच गोष्टीसाठी येतो. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "कुठं लागली?" एवढंच विचारलं. पलीकडं आमचे वनपाल होते. म्हणाले, "लागली न्हाई कुठं. भानुदासकाका गेले. सकाळी, घरीच... झटका आला." आणि खरं सांगते, पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. आग नाही म्हणून. मग मी तशीच कुसळांत खाली बसले. त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते. पण ही भीती ज्यांनी मला शिकवली तेच गेले होते. त्यांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरोबर विचारलंस.

भानुदासकाका आमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातले लिपिक. तेलगावहून रोज एसटीनं यायचे आणि त्यांच्याइतका घाबरट माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. ऑडिटवाले येणार म्हटलं की यांचं जेवण बंद. दसऱ्याला कार्यालयात पूजा झाली की उदबत्ती पार राख होईपर्यंत हे शेजारी उभे. बाहेरच्या चहावाल्यानं चुलीतली राख टाकली की हे आतून तांब्या घेऊन निघायचे आणि त्यावर पाणी ओतून यायचे. चहावाला हसायचा, आम्हीही हसायचो. लहानपणी त्यांच्या चुलत्याची कडब्याची गंजी पेटली होती आणि गंजीला बांधलेलं वासरू कुणाला सोडवता आलं नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेही काकूंकडून. त्यानंतर मी हसणं बंद केलं.

माझी नेमणूक झाली तेव्हा मला वाटायचं, जंगल राखायचं म्हणजे डोंगरावर फिरायचं. काकांनी पहिल्याच आठवड्यात मला खुर्चीवर बसवलं आणि अंदाजपत्रकाची फाईल पुढं टाकली. आपला डोंगर आधी इथं राहतो की जातो ते ठरतं, म्हणाले. मग बोट ठेवून दाखवलं... पावसाळ्यात आपण पुढच्या वर्षाची मागणी करायची, ती वर जाता जाता कापली जायची, मंजूर झालेली रक्कम तुकड्यातुकड्यानं खाली यायची, आणि जी वेळेत आली नाही किंवा खर्च होणार नाही असं वरच्यांना वाटलं, ती वर्ष संपायच्या आत मागं घेतली जायची. रोपं लावायला पैसे येत. खड्डे, रोपं, फलक, सगळ्याला येत. जाळरेषेला मात्र हात आखडता. जाळरेषा म्हणजे डोंगरावर गवत कापून केलेला मोकळा पट्टा, आग तिथवर आली की तिला पुढं खायला काही राहत नाही. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी पैसे मागताना काकांना दरवर्षी तीन-तीन पत्रं लिहावी लागत. मी एकदा चिडून विचारलं, यांना कळत कसं नाही? काका म्हणाले, "झाड लावल्याचा फोटो निघतो बाई. न जळालेल्या डोंगराचा फोटो काढून कुणाला दाखवायचा?" आणि जाताना एवढंच सांगितलं, "तू लई धीट दिसतीस. जरा भ्यायला शीक. डोंगरावर धीट माणूस कामाचं न्हाई."

आता त्या शब्दाची गोष्ट सांगते. चार वर्षांपूर्वीची. त्या वर्षी पाऊस शेवटी शेवटी चांगला झाला होता आणि गवत वेड्यासारखं वाढलं होतं. डोंगराच्या पायथ्याला मेंढपाळांची वस्ती आहे, तिथल्या वन समितीचे अध्यक्ष महादूतात्या. चौथीपर्यंत शिकलेले, बोट फिरवून वाचणारे, मेंढरांमागं सगळा डोंगर तोंडपाठ असलेले. फेब्रुवारीत वरून पत्र आलं की जाळरेषेचा उर्वरित निधी समर्पित करण्यात येत आहे. पत्राची एक प्रत रिवाजाप्रमाणे समितीला गेली. सरकारी भाषेत समर्पित म्हणजे वर परत केला, संपला. पण तात्यांना हा शब्द ठाऊक होता तो देवळातून. देवळातल्या घंटेवर असतो, बाकड्यावर असतो, अमक्या-तमक्याकडून सप्रेम समर्पित. त्यांना वाटलं, सरकारनं पैसा डोंगराला वाहिला! त्यांनी वस्ती गोळा केली, पत्र वाचून दाखवलं, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी बायामाणसं इळे घेऊन डोंगरावर. मजुरी येणारच आहे, मग थांबायचं कशाला?

मला ते डोंगरावर दिसले तेव्हा मी धावत कार्यालयात गेले. काकांना सांगितलं. त्यांनी पत्राची कार्यालयीन प्रत काढली, वाचली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतर म्हणाले, "सांगितलं तर काम थांबंल." मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर गवत वाऱ्यानं हलत होतं. आम्ही दोघांनी अळीमिळी गुपचिळी केली. हे मी त्यांच्या नावावर ढकलत नाही. दोघांनी केली.

ते आठ दिवस मी कधी विसरणार नाही. काकांची भूक मेली. मला खरी भीती पैशाची नव्हती, हजेरीपटाची होती. निधीच नाही म्हटल्यावर हजेरीपट निघाला नव्हता, आणि हजेरीपट नाही म्हणजे कागदावर ती माणसं डोंगरावर नव्हतीच. उद्या कुणाचा पाय घसरला, कुणाला साप चावला, कुणी भाजलं, तर सरकार विचारणार, हे कोण? कुणाच्या हुकुमानं गेले? आणि नवव्या दिवशी दुपारी पलीकडच्या खोऱ्यातून धूर उठला. मी कितीतरी आगी पाहिल्यात, पण वाळल्या कुसळीतली आग जसा आवाज करते तो एकदा ऐकला की माणूस चुलीपाशीसुद्धा नीट बसत नाही. कापलेल्या पट्ट्यापाशी आग अडली. तेवढ्यात कळलं, तात्यांच्या घरच्या गयाबाई दिसत नाहीत. त्या पट्ट्याच्या पलीकडं राहिलेला इळा आणायला गेल्या होत्या. धुरात तासभर आम्ही हाका मारत फिरलो. तात्यांचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलत होते. काका, जे कधी डोंगर चढत नसत, ते अर्ध्या वाटेवर एका दगडाला धरून उभे होते. गयाबाई ओढ्याच्या ओल्या खडकात तोंड खुपसून पडलेल्या सापडल्या. केस जळाले होते, हाताला फोड आले होते, पण जिवंत होत्या.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, वस्तीवर जायचंय, तू चल, मला एकट्याला जमणार न्हाई. वस्तीवर सगळे लिंबाखाली बसले होते. काकांनी आधी पाणी मागितलं. ते न पिताच भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "तात्या, ते पैसे आलेच न्हाईत. समर्पित म्हंजी परत. परत गेलेत."

तात्यांना कळायला वेळ लागला. "परत? मंग परत लिवायचं की! कावून लिवलं न्हाई तसं?"

"तशी भाषा हाय."

"आन् तुमाला कवा कळलं?"

"पहिल्याच दिवशी," काका म्हणाले. "तुमी डोंगरावर गेलता तवाच. मी भिलो. डोंगर जळंल म्हणून भिलो, आन् तुमचा विचार केला न्हाई."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग गयाबाई दारातूनच बोलल्या, हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. "मी मेले असते तर काय लिवलं असतं?" काका खाली बघून म्हणाले, "काय सुदिक न्हाई. तुमचं नाव कुठंच नव्हतं." परतताना आम्ही काळीपिवळीनं आलो. उतरताना म्हणाले, मी आधी सांगायला पाहिजे होतं बाई... आधी सांगितलं असतं तर ती माणसं ठरवून गेली असती, किंवा ठरवून घरी राहिली असती.

त्यानंतर काकांनी एक गोष्ट सुरू केली. गावांना जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर समर्पित या शब्दापुढं निळ्या शाईनं कंसात लिहायचे, म्हणजे परत. त्यावरून त्यांना ज्ञापन आलं, शासकीय पत्रव्यवहारात अनधिकृत मजकूर घातल्याबद्दल खुलासा करावा. दोन दिवस त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिसऱ्या दिवशी एका ओळीचा खुलासा लिहिला, सदर मजकूर हा शब्दाचा अर्थ आहे. तो पाठवताना पोस्टाच्या पेटीपाशी मला उभं केलं, पत्र आत पडलं की नाही हे पेटीवर दोनदा थोपटून पाहिलं. पुढं काही झालं नाही. आणि ज्या वर्षी पैसा परत जाई त्या वर्षी ते स्वतः वस्तीवर जाऊन सांगत. लोकांनी तरीही जायचं ठरवलं तर आधी एकेकाचं नाव लिहून घेत, श्रमदानाची यादी म्हणून वर पाठवत आणि पोचीचा शिक्का आणत. मजुरी मिळायची नाही, पण माणूस कागदावर असायचा. "नाव लिवल्याबिगर कुणाला गवतात पाठवायचं न्हाई," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी वैतागायची.

हा लेख इथं संपवता आला असता तर फार बरं झालं असतं. पण काका जाऊन महिना होत नाही तोच यंदाचं पत्र आलं. त्यांच्या जागेवर अजून कुणी नाही, दुसऱ्या कार्यालयातले एक गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस येतात, त्यामुळे समितीची प्रत मीच, कंसात काहीही न लिहिता, पाकिटात घातली. यंदा शब्द वेगळा आहे. निधी प्रत्यार्पित करण्यात येत आहे. अर्थ तोच. यंदाही गवत उंच आहे, आणि वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलीत. राहिलीत ती म्हातारी आणि बाया. फुकट या म्हटलं तर येणार नाहीत, असं मला वाटलं. आले नसते तर त्यांचं चुकलं नसतं.

तात्यांनी पत्र वाचून फोन केला. "ताई, समर्पित न्हाई ना लिवलेलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग आलं म्हणायचं. लावतो मानसं."

मी काहीच बोलले नाही. एक खरा शब्द उच्चारून मी त्यांना फसवलं. ज्या चुकीसाठी काका लिंबाखाली जाऊन उभे राहिले, तीच मी त्यांच्या टेबलाशी बसून केली, तीही सगळं ठाऊक असताना. आज दहावा दिवस आहे. मी झोपत नाही. वारा सुटला की बाहेर जाऊन धूर दिसतो का ते बघते. हा लेख छापून आला की माझ्याकडं खुलासा मागतील, पण त्याची भीती आता फार लहान वाटते.

काकांचं टेबल खिडकीशी आहे. ते त्यांनी स्वतःच आडवं फिरवून घेतलं होतं, मान न वळवता डोंगर दिसावा म्हणून. तिथंच बसून मी हे लिहिते आहे. पट्टा अर्ध्यावर आलेला इथून दिसतो, आणि त्याच्या कडेला रंगीत लुगडी हलताना दिसतात. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि तात्यांना फोन लावला.

मी सांगितलं. प्रत्यार्पित म्हणजे परत. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हजेरीपट नाही, तुमच्यापैकी कुणाचंच नाव कुठं नाही. तात्यांनी फोन कानापासून दूर करून काहीतरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, आणि मग इळ्यांचा आवाज एकेक करून थांबत गेला. शेवटचा थांबल्यावर नुसता वारा राहिला.

काका फोन कधी आधी ठेवत नसत. पलीकडचा ठेवेपर्यंत कान लावून बसत, न जाणो काही सांगायचं राहिलं असेल. मीही तशीच बसले, कोरा कागद पुढं ओढून. बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, "ताई, हायेत का?"

"आहे."

"मेंढरं आमचीच हायेत खाली," ते म्हणाले. "लिवा."

आणि त्यांनी पहिलं नाव स्वतःचं सांगितलं.