मामांचं झाडांशी वाकडं

बायकोच्या मामांबरोबर पक्षी बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा शेणाच्या एका वाळलेल्या गोळ्याचे मी भरपूर फोटो काढले. दोष सर्वस्वी माझा नव्हता. मामांनीच सांगितलं होतं की माळावरचे पक्षी मातीच्या रंगाचे असतात, हलत नाहीत आणि बघणाऱ्याने संयम ठेवायचा असतो. मी ठेवला. ते शेण इतकं मातीच्या रंगाचं होतं आणि इतकं हलत नव्हतं की माझी खात्रीच पटली. श्वास रोखून, कोन बदलून बदलून मी बटण दाबत होतो. एकदा तर त्याने मान वळवलेलीसुद्धा मला दिसली. मामांनी माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "फोकस छान आहे, जावईबापू. म्हैस मुऱ्हा जातीची असावी."

दिल्ली, नॉयडा आणि गुडगाव मिळून निसर्गप्रेमी पुष्कळ असतील, पण झाडाचं नाव काढलं की ज्याच्या कपाळाची शीर उडते असा निसर्गप्रेमी एकच, आणि तो मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. केंद्र सरकारच्या नोकरीत मामांची हयात आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली. जमिनीच्या वापराशी संबंधित कसलंसं त्यांचं खातं होतं, आणि तिथे बसून त्यांनी वर्षानुवर्षं नकाशांवर इंग्रजीत 'वेस्टलँड', हिंदीत 'बंजर' असे पडीक जमिनीचे शिक्के मारले. निवृत्त होऊन द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आल्यावर एकदा झज्जरकडे कुणाच्या लग्नाला जाताना गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाला येईपर्यंत मामा रस्त्याकडेच्या माळावर नजर टाकून उभे राहिले आणि त्यांना एक धाविक दिसला. लग्न राहिलं. मामींनी आहेराचं पाकीट परत घरी आणलं.

धाविक म्हणजे तितराहून लहान, विटकरी पोटाचा, पांढऱ्या भुवईचा आणि काडीसारख्या पायांचा पक्षी. ऑफिसला उशीर झालेल्या माणसासारखा तो तुरुतुरु धावतो, एकदम थांबून ताठ उभा राहतो, जणू गॅस बंद केला की नाही ते आठवत नाहीये, आणि पुन्हा धावत सुटतो. मामांचं लहानपण नगरकडच्या माळावर गेलेलं. तिथे हे पक्षी त्यांच्या शाळेच्या वाटेवर पळायचे. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही ज्या माणसाला सरसोंच्या तेलाचा वास सहन होत नव्हता, तो त्या हरियाणवी माळावर उतरला की, मामींच्या शब्दांत, "सासुरवाडीहून माहेरी आल्यासारखा" दिसायचा. ठेंगणं पिवळं गवत, खडे आणि मधूनच बोरीचं एखादं झुडूप, एवढाच तो माळ. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा "पुढे काहीतरी असेल ना?" असं विचारलं होतं.

मामा पक्ष्यांचे फोटो गाडीतूनच काढायचे. त्यांचा सिद्धांत असा की पक्षी गाडीला घाबरत नाही, गाडीतून उतरणाऱ्याला घाबरतो. म्हणून माळावर कुणी उतरायचं नाही, कितीही निकड असली तरी. गाडी मातीच्या रंगाची हवी म्हणून ती कधी धुवायची नाही. एका दिवाळीला सोसायटीच्या गार्डने प्रेमाने ती धुऊन, वर झेंडूची माळ घालून ठेवली, तर मामांनी त्याच्या हातात बक्षिसी ठेवली आणि तशाच पायजम्यावर जाऊन गाडी पुन्हा धुळीत फिरवून आणली. कपडेही मातीच्या रंगाचे हवेत. त्यासाठी ते सरोजिनी नगरच्या बाजारात जायचे. तिथला दुकानदार त्यांच्यासमोर तोता हिरवा, राणी गुलाबी असं एकेक उलगडायचा आणि मामा म्हणायचे, "मिट्टी का रंग दिखाओ." शेवटी तो वैतागून म्हणाला, "अंकल, ये वाला ले जाओ, धुलने के बाद मिट्टी ही हो जाएगा." मामांनी चार घेतले.

खाण्याचेही नियम होते. चिवडा, चकली, वेफर्स बंद, कारण कुरकुरतात. शिरा चालेल, दहीभात चालेल, केळं सगळ्यात उत्तम. मामी मागच्या सीटवर बसून विणकाम करायच्या, तर त्यांच्या स्टीलच्या सुया जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या. मामी गेल्या आणि मग मागची सीट माझ्या आणि शुभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वाट्याला आली. शुभाला पक्ष्यांत रस होता असं नाही. मामांना एकट्याने दहीभात खायला लागू नये एवढाच तिचा हेतू. आणि माझा हेतू, शुभाने एकटीने जाऊ नये.

पण हे सगळं झाडांच्या रागापुढे काहीच नव्हतं. मामा म्हणायचे, "झाड म्हणजे पोलीस चौकी हो. माळावर धाविक अंडी घालतो ती उघड्या जमिनीवर. घरटं नाही, आडोसा नाही. अंडं दिसतं खड्यासारखं, तीच त्याची तटबंदी. तिथे तुम्ही झाड लावलंत की फांदीवर कावळा येऊन बसणार आणि वरून आरामात बघणार, आज जेवायला काय आहे." मग ते उन्हाचं सांगायचे. जून-जुलैच्या उन्हात ती मादी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पंख जरा उचलून, चोच उघडी टाकून, स्वतः भाजत उभी राहते. "आणि तुम्ही म्हणता, इथे काहीच नाही, चला झाडं लावू. अरे, काही नाही हेच तर तिथे आहे!"

लग्नात परतभेट म्हणून तुळशीचं रोप मिळालं, तर मामा ते तिथल्या तिथे वधूपित्याला परत करायचे. सोसायटीत पर्यावरण दिन असला की ते बाल्कनीत काळा शर्ट घालून उभे राहायचे. आम्हाला हसून हसून पुरेवाट व्हायची. एका गणेशोत्सवात तर आमच्या मराठी मंडळाने त्यांना स्टेजवरच बोलावलं. मामांनी आठवडाभर तयारी करून, पडद्यावर फोटो दाखवत, 'कृपया झाडे लावू नका' या विषयावर कळकळीने भाषण केलं. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पोलीस चौकीला तर टाळ्या थांबेनात. शेवटी त्यांना विनोदी एकपात्रीचं पहिलं बक्षीस मिळालं. घरी जाताना मामांनी ती शील्ड मांडीवर धरून मला विचारलं, "सगळे हसत का होते हो?" मी म्हणालो, "मामा, तुमचं टायमिंग!" त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मामांना पंचाहत्तर वर्षं पुरी व्हायला आली, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष आमच्या घरी आले. मोठे उत्साही गृहस्थ. "शाल-श्रीफळ नको," ते म्हणाले, "मामांना शोभेल असं काहीतरी करू. त्यांची सगळ्यात आवडती जागा कोणती?" शुभाने माळ कुठे आहे ते सांगितलं. वळण, विटांची भट्टी, डावीकडचा कच्चा रस्ता, सगळं. पंचाहत्तर झाडांची कल्पना अध्यक्षांना जागच्या जागी सुचली. मी जरा चुळबुळलो, पण शुभा म्हणाली, "अरे, झाडांना नावं ठेवणं ही त्यांची नाटकं आहेत. स्वतःच्या नावाचं झाड बघितलं की विरघळतील." मलाही ते पटलं. गावच्या सरपंचांनी तर हातच जोडले. "बंजर पड़ी सै जी," ते म्हणाले, "लगा लो जितने लगाने हों."

जुलैचा रविवार. पाऊस लांबलेला, ऊन रणरणतं. मामांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. गाडी ओळखीच्या रस्त्याला वळली तसे ते खुलले. "शुभे, बरं केलंस आज इकडे आणलंस! गेल्या आठवड्यात अंडी दिसलीयेत, दोन. उशिराची जोडी आहे. आता पिल्लं बाहेर येतीलच. जावईबापू, भट्टीनंतर दुसरा गिअर." भट्टी मागे पडली आणि समोर मंडळाची बस दिसली. माळावर जेसीबीने काढलेल्या खड्ड्यांच्या सरळ रांगा होत्या. प्रत्येक खड्ड्याशेजारी एक कडुनिंबाचं रोप आणि एक लोखंडी पिंजरा उभा होता. स्पीकर लागला होता, मुलं पळत होती, वेफर्सची पाकिटं फुटत होती. "सरप्राईज, मामा!" अध्यक्ष ओरडले.

माळावर कधीही पाय न टाकणारे मामा दार उघडून खाली उतरले आणि कुणाकडे न बघता, एकेक पाऊल जपून टाकत, पार टोकाच्या रांगेपर्यंत गेले. तिथे ते थांबले आणि मग हललेच नाहीत. अध्यक्षांनी बॅनरखाली बोलावलं, मामा तिथेच. शेवटी सगळा कार्यक्रमच त्यांच्यापाशी न्यावा लागला. हार तिथेच घातला, टोपी आणि उपरणं तिथेच, मानपत्र तिथेच वाचलं. ऊन डोक्यावर होतं आणि मामा किंचित वाकून, उपरणं दोन्ही हातांनी पसरून उभे होते. लोक म्हणाले, भारावलेत. "बोला ना मामा, दोन शब्द!" मी कान टवकारले. आता पोलीस चौकी येणार, आता शिव्या येणार. मामा म्हणाले, "फार केलंत सगळ्यांनी. उन्हाचं थांबू नका, जेवून घ्या." टाळ्या झाल्या. लोक जेवायला बसकडे पळाले.

मी त्यांना न्यायला गेलो. "पाय जपून," ते हळूच म्हणाले. त्यांच्या बुटांच्या मध्ये, उपरण्याच्या सावलीत, खड्यांसारखे दोन खडे होते. पुष्कळ लांबवर एक धाविक पळत होता, थांबत होता, ताठ उभा राहून आमच्याकडे बघत होता, पुन्हा पळत होता. "सगळ्यांना लवकर हलवा," मामा म्हणाले. "ही गर्दी गेली तर येईल ती परत. आणि शुभाला सांगू नका. तिने हौसेने केलंय."

आम्ही गर्दी हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एकटेच जाऊन आले. मी फोन केला तेव्हा एवढंच म्हणाले, "पिंजऱ्यावर कावळा होता." त्यानंतर ते माळावर गेले नाहीत. आम्हालाही कधी टोचून बोलले नाहीत, उलट शुभाच्या वाढदिवसाला आठवणीने पेढे घेऊन आले. झाडांबद्दल कुणी काही काढलं की "हो, चांगली असतात" म्हणतात. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मंडळात परवाच कुणीतरी म्हणालं, "मामा आता पूर्वीसारखे रंगत नाहीत, यार."

मी शुभाला सगळं सांगितलं. फार दिवस पोटात ठेवणं मला जमत नाही. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. त्या पोळ्या चामट झाल्या.

यंदा एप्रिलमध्ये अध्यक्षांचा मेसेज आला. झाडं छान धरली आहेत, एवढा उन्हाळा काढला की मग चिंता नाही, तरी टँकर बोलावून पाणी घालण्यासाठी प्रत्येक कुटुंबाने एकेक रविवार घ्यावा. मी तो शुभाला वाचून दाखवला आणि म्हणालो, "एप्रिलचे रविवार लोकांनी घेऊन टाकलेत, आता सगळा मे महिनाच उरलाय. कुणी घेत नाहीये." शुभाने चष्मा लावला, माझ्या हातातून फोन घेऊन मेसेज स्वतः वाचला आणि परत दिला.

"कळव त्यांना," ती म्हणाली, "मे महिन्यातले सगळे रविवार आम्ही घेतो."

"अगं, पंचेचाळीस डिग्रीत? दर रविवारी तिथे जायचं?"

"घेतो म्हणून कळव," शुभा म्हणाली. "जायचंय कुणाला?"