टेबलापलीकडचा जोसेफ

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. पाथर्डी तालुक्यातला, ऊसतोडणीच्या घरचा, आणि रंगाने असा की पलटणीत सगळे मला ‘कोळसा’च म्हणत. शांतिसेनेतून आफ्रिकेत पोस्टिंग निघालं तेव्हा सुभेदारसाहेब म्हणाले, “कोळसा, तू तो अपने घर जा रहा है.” सगळे हसले. मीही हसलो.

एमआय रूम म्हणजे तुकडीचा दवाखाना. सकाळी जवानांचा सिक रिपोर्ट असे. त्यांना कॉटवर झोपवायचं, बीपी घ्यायचं, पोट दाबून बघायचं. दुपारी गेटवर गावकऱ्यांची रांग लागे आणि मध्ये टेबल असे. आमचा दुभाषा जोसेफ तिथलाच. आधीच्या पलटणींबरोबर राहून हिंदी शिकलेला. तो एकेकाला नाव, गाव, कुठे दुखतं ते विचारायचा आणि मी अलीकडून गोळ्या सरकवायचो. हात कुणाला लावायचो नाही. तसा हुकूम कुणी दिलेला नव्हता. ‘काळी माणसं काटक असतात’ असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि आम्हाला ते पटायचंही.

खरं तर हे वाक्य मी लहानपणीच ऐकलं होतं. साखर कारखान्याच्या तळावर आईला चक्कर आली होती. दवाखान्यात डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. आई म्हणाली, “सायेब, हात लावून तरी बघा की वो.” ते म्हणाले, “तोडणीवाल्या बायका तुम्ही, काटक असता. काही होत नाही.” त्या रागावरच मी फौजेत मेडिकलचा ट्रेड घेतला होता.

एकदा गस्तीवर असताना आमची गाडी उलटली. आत जोसेफ आणि लान्स नायक शिंदे शेजारी बसलेले. दोघांच्याही डाव्या बरगड्यांना मार लागला. शिंदेला मी कॉटवर घेतलं, पोट तपासलं, खांदा दुखतो का विचारलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. जोसेफ त्याच दुपारी आपल्या कामावर आला. रांग सुरू होण्याआधी तो टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

“उस्ताद, कंधा दुखता है. बायाँ.”

“गिरा था ना? दुखेगा.”

मी मलमाची ट्यूब सरकवली आणि पहिल्या पेशंटला बोलवायला सांगितलं. शेवटच्या म्हातारीपर्यंत तो उभ्याने विचारत राहिला, कुठे दुखतं.

बरगडीला मार आणि डावा खांदा दुखतोय, म्हणजे प्लीहा फाटून पोटात रक्त जात असेल, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. शिंदेच्या वेळी ते बरोबर आठवलं होतं. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गस्त निघताना जोसेफ गेटवर कोसळला. मी पहिल्यांदाच त्याला कॉटवर घेतलं. पोट फळीसारखं कडक होतं. खालची पापणी ओढली, तर आतून पांढरीफटक. रेडिओवर गेलो.

“वन कॅज्युअल्टी. पोटात रक्तस्राव. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर.”

“अपना है या लोकल? ओव्हर.”

“अपना,” मी म्हणालो. “अपना है. ओव्हर.”

हेलिकॉप्टर आलं, पण ते उतरायच्या आत तो गेला. जाताना आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. ते काय, हे सांगणारा आमच्याकडे तोच एक होता.

यंदा स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या शाळेत गुरुजी फळ्यावर शहिदांची नावं लिहीत होते. मला म्हणाले, “मेजर, तुमच्याबरोबरचं कुनी हाय का?” गावात निवृत्त फौजी म्हटला की तो मेजरच.

“हाय. जोसेफ.”

“गाव?”

फौजीच्या नावापुढे गाव लागतंच. जोसेफच्या तोंडून मी रोज रांगेतल्या प्रत्येकाला गाव विचारलं होतं.

“नुसतं जोसेफ लिहा,” मी म्हणालो.

“आन् पोरांनी इचारलं तर?”

“इचारू द्या. मीच सांगन, की मी कधी इचारलंच न्हाई.”