टेबलाखाली बसलेली ताई

दुपारी अडीचला वृषाली हेडफोन गळ्यात तसाच ठेवून दिवाणावर आडवी होते, आणि पंख्याचा आवाज हळूहळू लांब जायला लागतो. झोपायचं नाही, असं ती स्वतःला बजावते. चारला मुलाखत आहे. दुसरी फेरी. मोठमोठ्या कारखान्यांचा साठा, खरेदी, विक्री एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवून द्यायचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. ते मिळालं तर ठीक, नाहीतर सगळंच मुसळ केरात, कारण गोडाऊनमधल्या नोकरीचा राजीनामा तिनं गेल्याच महिन्यात देऊन टाकलाय. ताईच्या शब्दावर.

या धंद्याची रीतच उफराटी. अनुभव नसेल तर कुणी आत घेत नाही, आणि कुणी आत घेतल्याशिवाय अनुभव येणार कुठून? ताई त्यात बारा वर्षं मुरलेली. तिनं धाकट्या बहिणीच्या बायोडेटात बिनदिक्कत पाच वर्षं ठोकून दिली. पहिल्या फेरीला स्वतः माइक घेऊन डायनिंग टेबलाखाली मांडी घालून बसली आणि सगळी उत्तरं तिनंच दिली. वर कॅमेऱ्यासमोर वृषाली नुसते ओठ हलवत होती. ओठ आणि शब्द जुळेनात तेव्हा ताईनंच खालून सांगून टाकलं, "सॉरी सर, नेट स्लो आहे." दोघींचा आवाज सारखा, त्यामुळे खपून गेलं. नंतर दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

त्यानंतर अकराव्या दिवशी ताई डेंग्यूनं गेली. तेराव्याला अजून आठवडा झाला नाही. घरात कुणी ताईचं नाव काढलं की वृषालीच्या अंगाचा तिळपापड होतो.

"पाय घे," टेबलाखालून ताई म्हणते.

वृषाली पाय उचलते. ती खुर्चीत बसलेली आहे, समोर लॅपटॉप उघडा. खाली ताई, दवाखान्यातल्या हिरव्या झग्यात, मनगटावर सलाईनची पट्टी तशीच.

"तू गेलीस ना?"

"म्हणून काय काम अर्धवट टाकू? तोंड उघड, ते आलेत."

पडद्यावर पाटणकर आहेत, पहिल्या फेरीत होते तेच, चष्मा कपाळावर चढवलेला. ते काहीतरी विचारतात आणि ताईचा आवाज थेट वृषालीच्या तोंडातून बाहेर पडतो. घोटीव, गुळगुळीत, कुठेही न अडखळणारा. वृषालीला ओठ थांबवायचे आहेत, पण ते तिचं ऐकत नाहीत.

टेबल लांबत लांबत जातं, ते आता वृषालीच्या सातपूरच्या गोडाऊनमधलं रॅक आहे. बेअरिंगची खोकी ओळीनं लागलीत. ताई वजनकाट्यावर बसलीय आणि काटा शून्य दाखवतोय. शटरपाशी पाटणकर उभे आहेत.

"सिस्टिममध्ये चाळीस खोकी दिसतात, रॅकवर छत्तीस आहेत," ते म्हणतात. "काय कराल?"

"एंट्री करून चार कमी करू, सर," वृषालीच्या तोंडातून ताई म्हणते.

वृषालीचं डोकं फिरतं.

"कमी करू? अगं, ती चार गिऱ्हाइकाकडून परत आलीत! गेटजवळ पडलीत, कुणी रॅकवर चढवली नाहीत. आधी उठून बघून यायचं असतं. तू कमी केलीस की उद्या वॉचमनवर चोरीचा आळ येतो, कळतंय का?"

"मला कसं कळणार? मी कधी गोडाऊनमध्ये पाय ठेवलाय?"

"आणि बारा वर्षं लोकांना शिकवत फिरलीस!"

"फिरले! मलाही कुणी आत घेत नव्हतं. माझ्या वेळी टेबलाखाली दुसरी होती."

"कोण?"

"एजंटानं पाठवलेली. तिचं तोंडसुद्धा मी नीट पाहिलं नाही." ताई सलाईनची पट्टी सोलत राहते. "आज पकडतील, उद्या पकडतील, यातच बारा वर्षं गेली."

"मग मला कशाला ओढलंस त्यात? मला येत होतं की काहीतरी! नऊ वर्षं मी हेच निस्तरत होते. ते लिहू दिलं नाहीस. नोकरी सोडायला लावलीस, आणि मला अशी तोंडघशी पाडून निघून गेलीस!"

"मी काय हौसेनं गेले, वृषे?"

ताईही आता चिडलीय. ती काट्यावरून उतरते आणि वृषालीची हनुवटी पकडते, लहानपणी औषध पाजताना पकडायची तशी. हात गार नाही, नेहमीसारखाच आहे. वृषालीला वाटतं, असंच धरून ठेवावं हिनं. या वाटण्याचाही तिला राग येतो.

"तोंड उघड. ते थांबलेत."

"नाही."

घशातून ताईचा आवाज वर चढू लागतो. वृषाली दात आवळते. आवाज दातांवर येऊन धडकतो, एकदा, दोनदा. "उघड म्हणते ना!" ताई ओरडते. वृषाली अंगातला सगळा जोर लावून चावते.

"अगं, रक्त!" आई दारात उभी आहे.

घड्याळात चारला पाच कमी आहेत. उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा लाल डाग पडलाय. खालचा ओठ आतून फाटलाय आणि भराभर सुजत चाललाय. आई फडक्यात बर्फ गुंडाळून आणते.

"पुढे ढकल म्हणावं त्यांना. अशा तोंडानं कशी बोलणार तू?"

"अशाच," वृषाली म्हणते आणि लॅपटॉप उघडते.

पाटणकर तिच्याकडे बघून चष्मा खाली घेतात. "हे तोंडाला काय झालं?"

"झोपेत चावला ओठ. सर, सुरू करण्याआधी एक सांगते. मागच्या वेळी मी बोलत नव्हते. टेबलाखालून माझी बहीण बोलत होती."

सुजलेल्या ओठांतून 'बहीण' नीट निघत नाही. पाटणकरांना कळत नाही, म्हणून तिला ते पुन्हा सांगावं लागतं. मग ती म्हणते, "ती वारली."

पाटणकर पडद्याजवळ वाकतात.

"मग आज कोण बोलतंय?" ते विचारतात. आवाजात धार आहे.

"मीच." ओठ पुन्हा फुटतो आणि रक्त हनुवटीवर ओघळतं. ती पुसत नाही. "विचारा."