पटाश्यांवरचा झेंडू

अंबडचा कारखाना बंद पडला आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे काका लाकूड कोरायला लागले. द्वारका चौकातल्या दुकानातून त्यांनी भारीतल्या पटाश्या आणल्या. धार कधी बोटानं बघायचे नाहीत. मनगटावरचे केस तासून बघायचे. त्यामुळे त्यांचा डावा हात कायम गुळगुळीत.

"बोथट पटाशीच हात कापती, भाऊ. धारेची नाय कापत," असं म्हणायचे आणि तोच हात पटाशीच्या तोंडाशी धरायचे. मला बघवायचं नाही.

दुपारभर टकटक चालायची. सकाळची पाळी करून आलेल्या माझ्या झोपेचं पार खोबरं.

खंडेनवमीला त्यांनी पटाश्या पाटावर मांडून झेंडू वाहिला. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून शांतता. पण दसरा गेला, दिवाळी आली, तरी टकटक नाही. झोप मात्र तरीही येईना.

शेवटी फराळाचं ताट घेऊन खाली गेलो. पटाश्या पाटावर तशाच होत्या, फुलं वाळून काळी पडलेली. काकांनी मला चहा दिला, तर कप बशीत खडखडायला लागला. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं.

"तुमच्या काकूला हे बोलू नका," ते म्हणाले. मग खाली बघत, "धार जराशी कमी करून घेतली तर?"

त्यांचंच बोथट पटाशीचं बोलणं आठवत मी चहा संपवून वर आलो.

काल दुपारी टकटक परत सुरू झाली. मी दार उघडंच ठेवलंय. एक ठोका पडला, की दुसरा पडेपर्यंत जिन्याकडे कान लावून बसतो.