बिनपात्याचं दुकान

लाभुबेनच्या स्वयंपाकघरात एकही वस्तू आपलं ठरलेलं काम करत नाही.

अंडी कापायची तारांची चौकट देवापुढे उदबत्त्या धरून उभी असते. खरबुजाचे गोळे काढायच्या चमच्यानं कुंकू काढतात. सफरचंदाचा गाभा काढायची नळी कुंडीतल्या मातीत बी पेरायला भोकं पाडते.

"ही सगळी नापास पोरं," लाभुबेन म्हणतात. "कारखान्यानं हाकलली. जाणार कुठं? आली माझ्याकडे."

कारखाना गोरधनभाईंचा. राजकोटात, मवडीला. गोरधनभाईंची एक सवय होती. परदेशातून कुणी पाहुणा आला की त्याच्या बॅगेतून स्वयंपाकघरातली एखादी चीज मागून घ्यायची, आठवड्यात तिचा साचा करायचा आणि हजार नग पाडून मोकळं व्हायचं. वस्तू कशासाठी, हा प्रश्न नंतरचा. तो लाभुबेनसाठी राखलेला.

अंड्यांची चौकट आली तेव्हा अख्ख्या कारखान्यात अंडं खाणारं माणूस नव्हतं. दोन दिवस ती हातोहात फिरली. कुणीतरी तारा छेडून पाहिल्या. लाभुबेननं पनीर कापून पाहिलं, तारा तुटल्या. नापास.

पण पुढच्या वर्षी आत वळलेल्या दात्यांचा एक चिमुकला चिमटा आला. तो कुठल्याशा फळाचा देठ काढण्यासाठी होता म्हणे. लाभुबेन पाव किलो मिरच्या घेऊन बसल्या. देठापाशी चिमटा खुपसला, पिळला, ओढला. देठ आणि बिया एकदम बाहेर. मिरची अख्खी, भरायला तयार. मेळ्यात त्यांनी तो 'मिरचीचा डॉक्टर' म्हणून विकला. दुसऱ्या दुपारी माल संपला. गोरधनभाईंनी खोक्यांवरचं नाव बदलून घेतलं.

त्या मेळ्यात लाभुबेन उभ्या राहिल्या त्या अपघातानं. मुळात त्या खोकी भरायच्या कामावर होत्या. सातम-आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या मेळ्यात माल विकायला गोरधनभाईंनी एक बोलका माणूस ठेवला होता. पहिल्याच संध्याकाळी त्याचा घसा बसला. लाभुबेन तेव्हा सव्वीस वर्षांच्या, कडेवर मुलगी. त्यांनी मुलगी गोरधनभाईंच्या हातात दिली, एक लाकडी खोकं उलटं केलं आणि त्यावर चढल्या.

"बेनो, दोन मिनिटं आहेत? एक मला द्या, एक परत घेऊन जा!"

तेव्हापासून एकतीस मेळे. मोठ्या पाळण्याच्या सावलीतला कोपऱ्यावरचा स्टॉल त्यांचा. यजमान छकडा रिक्षा चालवत, ते गेले. मुलगी मोरबीला नांदते. एरवी वर्षभर त्या लाभुबेन गोंडलिया. मेळ्याचे पाच दिवस मात्र त्या 'मिरचीवाली बेन'. जामनगरच्या बायका त्यांना नावानं शोधत येतात. त्या पाच दिवसांवर लाभुबेन उरलेलं वर्ष काढतात.

या वर्षी कारखान्यात केनिल आला. गोरधनभाईंचा पुतण्या. सुरतेत वाढलेला, धंद्याचं शिक्षण घेतलेला, कानात सदैव काहीतरी खुपसलेला.

"काका, मेळ्यात आता टीव्ही लावायचा. मी व्हिडिओ केलाय. टीव्ही दमत नाही, चहा मागत नाही, घसा बसत नाही."

"आणि लाभुबेन?"

"बेन बसतील की स्टुलावर. पिशव्या देतील."

गोरधनभाई पुतण्यालाही दुखवेनात आणि लाभुबेननाही. शेवटी ठरलं असं. मेळ्याआधी समाजाच्या हॉलमध्ये बायकांचं दोन दिवसांचं प्रदर्शन घ्यायचं. तिथं टीव्हीनं माल विकला तर मेळ्यात टीव्ही. नाही विकला तर बेन.

केनिलनं हॉल ठरवला. फुशारकीनं सांगत आला, "पहिला दिवस अर्ध्या भाड्यात! नुसतं विचारलं आणि हो म्हणाले."

लाभुबेननं तारीख पाहिली. "केनिलभाई, ही तर बोळचोथ आहे."

"सण आहे ना? मग गर्दी होणार!" त्यानं कानातलं पुन्हा खुपसलं.

लाभुबेन खोकी भरायला वळल्या. गोरधनभाईंना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं, किंचित लाजून.

बोळचोथीला बायका गाय-वासराची पूजा करतात. त्या दिवशी ज्या वासराची कथा ऐकतात, ते चिरलं गेलं होतं. म्हणून घरात काही चिरायचं नाही, दळायचं नाही, गहू खायचा नाही. बाजरीचा रोटला आणि अख्खे मूग. लाभुबेन एकतीस वर्षं त्या दिवशी घरी बसत आल्या होत्या. आणि टेबलावर मांडलेल्या बारा वस्तूंपैकी अकरा वस्तू चिरणाऱ्या होत्या.

तरी लाभुबेन आल्या. मेळा हातचा जायची वेळ होती.

दहाच्या सुमाराला बायका आल्या. पूजेहून थेट, बोटांना कुंकू तसंच. प्रदर्शनात साड्या होत्या, बांगड्या होत्या. केनिलचा टीव्ही दारासमोरच होता. त्यावर एक लालबुंद टोमॅटो हळूहळू चिरला जात होता. रस ठिबकत होता. मागे ढोल.

सगळ्यांत पुढे मणिबा होत्या. पंच्याहत्तरीच्या. त्या जागच्या जागी थांबल्या.

"कुणी लावलंय हे?"

"मी, बा. या ना, बघा, किती बारीक..."

"आज चोथ आहे मेल्या! तुझ्या आईनं तुला वाढवलं की बाजारातून आणलं?"

मागच्या बायका मागे सरल्या. एकीनं मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला. पाच मिनिटांत त्या कोपऱ्याभोवती अशी मोकळी जागा झाली, जणू तिथं फरशी ओली आहे.

केनिल स्टुलाकडे वळला. त्याच्या कानात आता काही नव्हतं. "बेन, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही ढोल ऐकत होता."

त्याचा चेहरा पाहून लाभुबेनना वाटलं, जिंकले. मग हजारभर खोकी दिसली. सबंध पावसाळ्याची मेहनत त्यांत होती. ती खोकी पंधरा बायकांनी हातानं भरली होती. त्या उठल्या. टीव्ही बंद केला. ओढणी घेऊन चाकू-सुऱ्यांवर टाकली.

"केनिलभाई, चॉपर आहेत ना, दोरी ओढायचे? त्यांची पाती काढा."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. मागच्या खोलीत नेऊन काढा. मी हात लावणार नाही, मला चोथ आहे. तुम्हाला नाही."

धंद्याचं शिक्षण घेतलेला केनिल मागच्या खोलीत बसून पाती काढू लागला. दहाव्या पात्याला अंगठा कापला. सतराव्याला बोट.

बाहेर लाभुबेननं खोकं उलटं केलं आणि त्यावर चढल्या.

"बेनो, इकडे या! आजचं दुकान बिनपात्याचं! काही चिरणार नाही, वासराची शप्पथ!"

मणिबा लांबूनच ओरडल्या, "मग विकणार काय, वारा?"

"वाराच, बा! या, ओढून बघा!"

त्यांनी मणिबांच्या हातात रिकामा चॉपर दिला. मणिबांनी दोरी ओढली. आतला दांडा गर्रकन फिरला. नुसताच. मणिबांनी पुन्हा ओढली.

"कोबी घाला, बा."

"कुठाय कोबी?"

"मनात घाला. अर्धा गड्डा. परवा रांधायची छठ आहे, सातमीला चूल पेटणार नाही. किती जणांचा स्वयंपाक करून ठेवणार?"

"चौदा. जावई येतोय."

"मग अख्खा गड्डा! ओढा! एक, दोन, तीन... थांबा, चार नको, पाणी सुटेल. झाला संभारो, नुसता परतायचा! आता मिरच्या. किती तिखट?"

"जावयासाठी?" मणिबांनी विचार केला. "बारा घाल."

बायका हसल्या. एकेक जवळ आली. प्रत्येकीला रिकामं भांडं हवं होतं. कुणी मनातली गवार चिरली, कुणी मनातली पपई. एकीनं सासूचं नाव घेऊन दोरी जरा जास्तच जोरात ओढली. हॉलभर गर्रगर्र. लाभुबेन एकेकीच्या न दिसणाऱ्या भांड्यात डोकावून सांगत होत्या, "जाड राहिलं, अजून एकदा," आणि ती खरंच अजून एकदा ओढत होती.

एका सुनेनं ओढणीखाली जुन्या मालातली तारांची चौकट ओळखली. "मासी, ही तर तार आहे. सुरी थोडीच आहे? हिनं चिरलं तर चालेल ना?"

"वासराला विचारून ये," लाभुबेन म्हणाल्या. "ते हो म्हणालं तर फुकट देते."

विकत घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. चोथीच्या दिवशी पातं घरात न्यायचं कसं? लाभुबेननं ते आधीच गृहीत धरलं होतं.

"भांडं आज न्या. पातं उद्या, नागपाचमीला. पैसेही उद्याच. छठीच्या आधी हातात असेल."

संध्याकाळपर्यंत एकशे साठ भांडी गेली. केनिल पात्यांनी भरलेला डबा मांडीवर घेऊन बसला होता. चार बोटांना पट्ट्या.

"बेन, त्या उद्या आल्याच नाहीत तर?"

"बिनपात्याच्या भांड्याचं करणार काय?"

"तुमच्या घरी काय करतात? उदबत्त्या लावतील!"

लाभुबेन हसायला गेल्या आणि थांबल्या. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी राजकोटच्या बायकांना हेच तर शिकवलं होतं, की कुठलीही वस्तू कशालाही चालते.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता हॉल रिकामा. साडेनऊलाही. पाणियाऱ्यावर, पाण्याच्या माठांच्या ओट्यावर, नाग काढून पूजा झाल्याशिवाय बाया निघणार नाहीत, हे लाभुबेन केनिलला दोनदा सांगून झाल्या. तिसऱ्यांदा स्वतःलाच सांगितलं. दहाला मणिबा आल्या. एकट्या. हातात पिशवी, पिशवीत भांडं.

"मला पातं नको," त्या म्हणाल्या. "ह्यात मूग भिजवले. झाकण घट्ट बसतं, छान मोड येतील. हे घे पैसे."

केनिलनं लाभुबेनकडे पाहिलं. लाभुबेननं जमिनीकडे.

इतक्यात दारातून मणिबांच्या सुनेचा आवाज आला, "बा! पातं घ्या! चौदा माणसांचा कोबी तुम्ही चिरणार की मी?" आणि तिच्यामागे पिशव्या होत्या. जिन्यापर्यंत. प्रत्येक पिशवीत एक भांडं, आणि प्रत्येकीला पातं मिरचीवाल्या बेनकडूनच बसवून हवं होतं. शिवाय तेवढ्यात 'डॉक्टर'ही द्या, आणि ती सुरी, आणि माझ्या नणंदेसाठी अजून एक. केनिल खोकी फोडत होता. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी, अगदी न कुरकुरता.

दुपारी डब्यात अकरा पाती उरली. ती न्यायला कुणी आलं नाही. ती अकरा भांडी आज कुठं काय धरून उभी असतील, कोण जाणे. लाभुबेननं तो डबा ठेवून घेतला.

केनिलनं काकांना फोन लावला. "मेळ्यासाठी टीव्ही सांगू नका." काकांनी काहीतरी विचारलं. "नाही, बिघडला नाही. नकोच आहे."

मग स्टुलापाशी येऊन उभा राहिला. "बेन, उद्या मैदानावर किती वाजता यायचं मी? आणि येताना काय आणू?"

"सातला. आणि उभं राहायला एक खोकं. लाकडी बघ हं, दीकरा."

"कारखान्यात प्लास्टिकची पडलीत की ढिगानं."

"ती आपण केलेली आहेत," लाभुबेन म्हणाल्या. "मला माहितीयत. लाकडीच आण."