बाहेर काय झालं

पोळ्याची सुट्टी होती, तरी माझ्या टाचणवहीत त्या दिवशीचा इतिहासाचा पाठ व्यवस्थित पार पडला होता. आठवड्याचं टाचण मी रविवारीच उरकतो आणि शेवटच्या रकान्यात ‘उद्दिष्ट साध्य झाले’ हेही लगे हात लिहून टाकतो. मुख्याध्यापकांनी वही चाळली, चष्म्यावरून बघितलं.

“सर, काल बैलांना शिकवलं काय?”

आमची शाळा देवणीजवळ. इथले बैल नावाजलेले, त्यामुळं शंका अगदीच अनाठायी नव्हती. सगळे हसले, मीही हसलो. उद्दिष्ट काय होतं, ते कुणी वाचलंच नाही. ‘विद्यार्थ्यांमध्ये स्थानिक इतिहासाविषयी जिज्ञासा निर्माण करणे.’ बी.एड.ला पाठ केलेलं हे वाक्य मी बावीस वर्षं उतरवत आलोय.

त्याच आठवड्यात आठवीला हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“सर, माझ्या पणजीला रझाकार आठवतेत. तिला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं. मी लिहून घ्यायलेय, पर ती लई भरभर बोलती. तुम्ही या की घरी, तुम्हाला इचारता येईल.”

“परीक्षेला ते येत नाही,” मी म्हणालो. “धडे संपू दे, दिवाळीनंतर येतो.”

तिनं आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा दिवाळीच दाखवली.

सुट्टीनंतर मीच मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “या रविवारी येऊ का गं पणजीकडं?”

“न्हाई सर. ती गेली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी.”

तिनं वही पुढं केली. अर्धं पान भरलेलं. शेवटची ओळ होती : ‘कणगीत अंधार होता आणि बाहेर’. पुढं कोरं.

“बाहेर काय झालं?” मी विचारलं.

“तेच तर तुम्ही इचारणार होता, सर.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मलाही उलट रागावता आलं असतं. मी वहीवर तारीख घालून सही केली.

लातूरला घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझी आई तिकडं नांदेडला पंच्याऐंशीची बसलीय. लग्नाला चोवीस वर्षं झाली आपल्या. तब्येत कशी आहे, याच्यापुढं तिला कधी काही विचारलंत का हो?”