हितपतूर ऐकू आलं

नर्सिंगचा निकाल लागला आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची! कसलं काय. कोल्हापुरातल्या ज्या दवाखान्यात आयसीयूची नोकरी मिळणार होती, तिथल्या मेट्रनबाई म्हणाल्या, "आधी जीव वाचवायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आण. मग ड्युटी."

ट्रेनिंगला एका रबरी पुतळ्याची छाती दाबायची होती. त्यात मी पक्की. म्हशींच्या धारा काढून हात तयार झालेले. घोडं अडलं ते बोलण्यात. माणूस कोसळला की गर्दीतल्या एकाकडं बोट करून हुकूम सोडायचा, "तुम्ही! १०८ ला फोन लावा!" परीक्षेत मी म्हणाले, "कुणीतरी फोन करता का, प्लीज?" तेही इतकं हळू की शिकवणाऱ्या सरांनी कपाळाला हात लावला.

"कुणीतरी म्हणजे कुणीच न्हाय, पोरी. नापास. पुढच्या आठवड्यात परत ये."

असा संताप आला मला! सरांचा नाही, घराचा. उचगावच्या आमच्या घरात थोरल्या काकांचा एकच कायदा : बायकांचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. बाप्ये खुशाल गल्ली डोक्यावर घेणार आणि आम्ही कुजबुजणार. मोठ्या माणसाकडं बोट करणं तर लांबच राहिलं. आता या कुजबुजण्यापायी हातची नोकरी जायची वेळ आली होती.

रविवारी मटण होतं. पुरुषांची पंगत बसलेली, आम्ही वाढत होतो. काका रश्शात भाकरी कुस्करत कारखान्याच्या निवडणुकीवर तावातावानं बोलत होते, ते एकदम गप्प झाले. हात गळ्याशी, डोळे मोठे, तोंडातून आवाज फुटेना. तुकडा अडकला होता. "पाणी पाजा!" "डोक्यावर थापटा!" सगळे ओरडायला लागले, हलेना मात्र कुणीच.

मी पातेलं खाली आदळलं आणि वडिलांकडं सरळ बोट केलं. "बाबा, १०८ ला फोन लावा! पाणी द्यायचं न्हाय कुणी! सरका मागं!" काकांना पुढं वाकवून पाठीत दणके घातले. तरी तुकडा हलेना, तेव्हा मागून मिठी मारली, पोटावर मूठ रोवली आणि वरच्या दिशेनं हिसके दिले. तुकडा उडाला तो थेट बाबांच्या ताटात.

काका खोकले, त्यांनी श्वास घेतला. आणि मी, शूर नर्स, तिथंच बसून भोकाड पसरलं.

"मला दणके घातलीस व्हय गं?" काकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"व्हय."

"बरं केलंस."

मग त्यांना डॉक्टरकडं तपासायला नेलं, तेही मीच दटावून.

फेरपरीक्षेला काका स्वतः मोटरसायकलवरून सोडायला आले आणि रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यावर थांबले. आत सरांनी मुद्दाम, परीक्षा बघायला आलेल्या मेट्रनबाईंनाच बघ्यांच्या गर्दीत उभं केलेलं. मी त्यांच्याकडं बोट रोखलं, "अहो, निळी साडी! १०८ ला फोन लावा, आत्ता!" बाई दचकून खरोखरच पर्समध्ये फोन धुंडाळायला लागल्या. सरांचं हसू थांबेना.

मी बाहेर आले. काका कप हातात धरून उभेच होते.

"पास झालीस न्हवं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? हितपतूर ऐकू आलं की!" असं म्हणून ते शेजारी चहा पिणाऱ्या अनोळखी माणसाकडं वळले. "काय पावणं, ऐकलासा न्हवं? आमची पोरगी हाय ती."